बिनकर्जी महिना

दुसरबीड,
१६ एप्रिल २०२०

चि. सौ. छाया हीस,
दादाचे अनेक आशीर्वाद, आणि सोबत एक अट: पत्र पुरतं वाचल्याशिवाय फोन करायचा नाही.

ट्रॅक्टरची पेरणी यंत्रं, सात दात्यांची आणि नऊ दात्यांची. बैलांच्या तिफणी, आता कोणी मागत नाही तरी दोन टांगून ठेवलेल्या. पाण्याच्या टाकीचा जिना. ग्रामपंचायतीची कचरागाडी. महादेवाच्या गाभाऱ्याची जाळी. उफणणीचा पंखा, जो मी एक जुना पंखा खोलून, पुन्हा जोडून, पुन्हा खोलून शिकलो, कारण शिकवायला कोणी नव्हतं. तुझ्या पहिल्या शिलाई मशीनचं टेबल. तुझ्या जीवनचा पाळणा, ज्याच्या कड्या मी इतक्या घासल्या की पोराच्या बोटाला कधी ओरखडा आला नाही. शाळेचं फाटक, ज्यावर पोरं वर्षानुवर्षं झोके घेतात आणि तरी ते तसूभर झुकलेलं नाही. आणि ज्याच्या आत बसून हे लिहितोय, ते दुकानाचं शटर. सगळं ह्या दोन हातांनी. आयटीआयचं तोंड पाहिलं नाही, आणि सातवीनंतर शाळेचं पाहिलं ते एकदम हे फाटक बसवायला गेलो तेव्हाच.

एवढं आठवायला फुरसत आहे, हेच दुखणं आहे. चैत्र-वैशाख म्हणजे माझी सुगी. मृगाच्या आत ज्याला त्याला आपलं यंत्र दारात हवं असतं. शेतीच्या अवजारांची दुरुस्ती करायला परवानगी आहे म्हणतात, पण पत्रा आणि पाइप येतो जालन्याहून. जालना आपल्याला केवढं जवळ, आणि मध्ये जिल्ह्याची हद्द, हद्दीवर बांबू, बांबूपाशी पोलीस. परवा मोटरसायकलवर जाऊन बघून आलो. तिथल्या शिपायानं ओळखलं, त्याच्या बापाचं यंत्र माझ्याकडचंच. म्हणाला, हिंमतभाऊ, तुमाले सोडलं तं मले कोन सोडीन? बरोबरच बोलला. बांबू मात्र धड बांधलेला नव्हता, ढकलला तर पडेल असा. तेवढा कसून बांधून दिला आणि परत आलो.

तुला माझा नेम ठाऊक आहे. पाडवा झाला की दुसऱ्या दिवशी बँकेतून हंगामाचं कर्ज उचलायचं, आणि महाशिवरात्रीच्या आत शेवटच्या पैशापर्यंत फेडून खातं बंद करायचं. मधला महिना डोक्यावर कोणाचं काही नाही, अशा थाटात गावातून हिंडायचं. तुझी शारदावहिनी त्याला माझा बिनकर्जी महिना म्हणते. म्हणते, ह्या महिन्यात तुमची मान इतकी ताठ राह्यते का शर्टाची कॉलरसुद्धा मळत नाही. यंदाही नेम चुकला नाही. महाशिवरात्रीच्या आदल्या दिवशी खातं निरंक केलं, आणि पाडव्याच्या दिवशी अख्खा देश बंद झाला. आता बँक नवं कर्ज देण्याच्या स्थितीत नाही, आणि माझ्याकडे होतं ते फेडण्यात गेलं.

घाबरू नकोस. चारही माणसांना मजुरी देतोय, घरातल्या पैशांच्या साठ्यातून. त्यांतला भगवानराव, तो जानेफळचा वेल्डर, रोज येऊन दाराशी बसून जातो. आमच्या दाजींना, उद्धवरावांना नमस्कार. तुझ्या त्या कर्जाच्या आठ मशीन काय म्हणतात? मी सांगत होतो, कर्जानं घेऊ नकोस.

जिव्हाळा आहे तसा राहू दे, फोन कमी केलास तरी चालेल.

तुझा,
हिंमतदादा


पिंपळगाव राजा,
५ मे २०२०

ती. स्व. दादास,
छायाचा शि. सा. न. वि. वि.

अट पाळली. पत्र पुरतं वाचून मग फोन केला, आणि तू उचलला नाहीस. वहिनी म्हणाली, ते शटरले तेल देऊन राह्यले. बंद शटरला, दादा? मग म्हटलं, आपणही लिहावंच. फोनवर मी बोलते आणि तू हं हं करतोस. पत्रात तरी तू बोलतोस.

शाळा बंद म्हणजे माझं शिलाई केंद्र बंद. जूनच्या गणवेशांसाठी मार्चमध्येच आणलेलं निळं कापड खोलीत छतापर्यंत रचलेलं. बायका रोज दारावरून जाताना विचारायच्या, ताई, आमाले काऊन बोलावत नाही? काय सांगू? मग ग्रामपंचायतीला मास्क हवे झाले. त्यांच्याकडे कापड नव्हतं आणि माझ्याकडे दुसरं काही नव्हतं. बायकांनी मशीन आपापल्या घरी नेल्या आणि शिवायला बसल्या. आता अख्खं पिंपळगाव शाळेच्या निळ्या रंगाचं तोंड घेऊन फिरतं. सरपंच तर पहिलीच्या वर्गात बसायला निघाल्यासारखे दिसतात. सासूबाईंना मी भीतभीत विचारलं, कसं दिसतं? रुक्मिणीबाईच त्या. म्हणाल्या, लई बरं केलं बाई, आता तरी हे गाव तोंड बंद ठेवून वागीन.

आता माझ्या कर्जाच्या मशीनचं ऐक. बँकेचा माणूस फोन करतो तो हप्ता मागायला, एवढंच मला ठाऊक. एप्रिलमध्ये फोन वाजला तेव्हा मी हात पुसता पुसता कारणं जुळवत होते. तर तो म्हणे, ताई, वरून मुभा आली, तीन महिने हप्ता नाही भरला तं चालते, आधी बायकांची मजुरी द्या. व्याज मात्र चढत राहील, हेही त्यानं आपण होऊन सांगितलं. मी दोनदा विचारलं, तुम्ही बँकेतूनच बोलताय ना? हे बाजूला बसून हसत होते.

मशीन घेतल्या तेव्हा तू म्हणाला होतास, कर्जाच्या मशीनवरची शिवण उसवते. अजून तरी उसवली नाही. उसवली तर तुलाच बोलवीन, वेल्डिंग करायला.

पण दादा, चौघांची मजुरी घरातल्या साठ्यातून, हे वाक्य तू इतक्या सहज लिहिलंस की मी ते तीनदा वाचलं. साठा म्हणजे विहीर नव्हे. खरं काय ते कळव.

माया पातळ होऊ देऊ नकोस.

तुझी,
छाया


दुसरबीड,
१२ जून २०२०

चि. सौ. छाया हीस,
अनेक आशीर्वाद. ह्या पत्रात थोडा राग आहे, तो तुझ्यावर नाही.

टीव्हीवर त्या योजनेचं ऐकलं असशील. छोट्या धंद्यांना बँकेनं नवं कर्ज द्यायचं, काही गहाण मागायचं नाही, पहिलं वर्ष मुद्दल मागायचं नाही, आणि बुडालं तर हमी सरकारची. मी दोनदा ऐकलं, मग दुसऱ्या दिवशी पेपरात वाचून खात्री केली. छाया, आपल्याकडे जामीन राहायची वेळ आली की सख्खा साडू शेताकडे निघून जातो. आणि इथे सरकार म्हणतं, ह्या लाखो लोकांना मी ओळखत नाही, पण जामीन मी राहतो. ज्यानं कोणी हे आखलं त्याला धंद्याची नस कळलेली आहे. धंदा तोट्यानं मरत नाही. तो मरतो मधल्या दोन-चार महिन्यांत श्वास न मिळाल्यानं. माझा ऊर भरून आला, हे शारदेला सांगितलं नाही, तुला लिहितो.

इस्त्रीचा शर्ट घालून बँकेत गेलो. तिथे आता निवेदिता मॅडम आहेत, अकोल्याच्या, वयानं आपल्या घरातल्या पोरींएवढ्या. त्यांनी संगणकात पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं, मग पुन्हा संगणकात. म्हणाल्या, काका, फेब्रुवारीच्या शेवटच्या तारखेला तुमच्यावर जेवढं कर्ज होतं, त्याच्या वीस टक्के मिळतं. त्या तारखेला तुमच्यावर काहीच नव्हतं.

कळलं का? ती तारीख बरोबर माझ्या बिनकर्जी महिन्यात पडली. शून्याचे वीस टक्के शून्य. ज्या गोष्टीसाठी मी इतकी वर्षं गावातून ताठ चाललो, तिच्यासाठीच रिकाम्या हातानं परत आलो. बँकेचा शिपाई मागून हळूच म्हणाला, भाऊ, तुमी जरासे बुडवे असते ना, तं आज काम झालं असतं. मला हसू आलं, आणि मग ते हसू आलं याचाच राग आला.

मॅडम म्हणाल्या, मुद्रा योजनेतून नवं कर्ज करून देते, तेही बिनतारण आहे, पण माणसं निम्मी येतात, वेळ लागेल. मी म्हणालो, ते नव्यानं दुकान टाकणाऱ्यांचं. मी नवशिका नाही. आणि निघून आलो.

आता हद्द उघडली आहे, जालन्यात लोखंडही आहे, पण तिथला व्यापारी उधार देत नाही. त्याचाही इलाज नाही, त्याचंही अडकलंय. खरिपाचा हंगाम गेलाच. जुनी यंत्रं ठाकठीक करून दिली तेवढीच. साठ्याचं तू विचारलंस: तळ दिसतो. महामार्गाच्या कामावरचे परराज्यातले मजूर गावी गेलेत, तिथे वेल्डर हवेत आणि रोज दुप्पट देतात. भगवानराव दोन दिवस नुसतीच अवजारं पुसत बसला. शेवटी मीच म्हटलं, जा बाबा, काम सुरू झालं की बोलावतो. गेला. जाताना आपली वेल्डिंगची काच माझ्या खिळ्याला टांगून गेला.

मेहकरचा रंगराव, अवजारांचा विक्रेता, काल आला होता. त्याच्यावर कर्ज डोंगराएवढं, म्हणून त्याला ही मदतही टेकडीएवढी मिळतेय. म्हणाला, हिंमतभाऊ, लोखंड मी टाकतो, दुकान तुमचं, हात तुमचे, फक्त पाटी माझी. म्हणजे प्रत्येक यंत्राच्या पेटीवर जिथे आपण आईचं नाव कोरतो, विमल, तिथे ह्याचं नाव येणार. पोळ्यापर्यंत उत्तर मागितलंय. हरभऱ्याच्या पेरणीसाठी यंत्रं द्यायची तर पोळ्याला दुकानात लोखंड पडलेलं पाहिजे, हे त्यालाही कळतं. माणूस वाईट नाही, वेळ बघून बोलतो इतकंच.

अजून हो म्हटलेलं नाही. नाही म्हणायलाही तोंड नाही.

आठवण काढत जा.

तुझा,
हिंमतदादा


पिंपळगाव राजा,
२७ जून २०२०

ती. स्व. दादास,
शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र ह्यांनाही वाचून दाखवलं. शिपायाच्या वाक्याला हे इतके हसले की चहा सांडला, आणि मग आईच्या नावापाशी आलो तेव्हा ह्यांनी पत्र हातात घेऊन ते वाक्य पुन्हा वाचलं.

मला ती मदत मिळाली. अर्ज घेऊन हिंडावं लागलं नाही, बँकेनंच बोलावून सह्या घेतल्या. कर्जावरून तू मला एवढं बोललास, आणि त्या कर्जामुळेच मी त्या तारखेला त्यांच्या हिशेबात होते, हे लिहिताना मला आनंद होत नाही. खोटं कशाला, थोडा होतो. तर सगळी रक्कम तुझ्याकडे पाठवते. पत्र्यासाठी वापर, हंगाम झाला की दे.

तू घेणार नाहीस हे माहीत आहे, म्हणून पुढचं लिहिते, ते नीट वाच.

पेरणीच्या वेळी बी कमी पडलं तर आपण शेजारच्याच्या कणगीतून आणतो. त्याला कोणी भीक म्हणतं का? खायला आणलं तर उसनवारी, पेरायला आणलं तर बियाणं. तू टीव्हीपुढे बसून योजनेचं कौतुक केलंस ते दुसऱ्यांसाठी. स्वतःची पाळी आली तेव्हा तुला ती पोरगी नवशिका म्हणते आहे असं वाटलं. तिनं म्हटलंच नव्हतं, तूच म्हणालास. आणि म्हटलं असतं तरी काय? ह्या रोगात सगळेच नवशिके आहेत, दादा. बँकेनं कधी हप्ता भरू नका असा फोन केला होता? मी कधी सरपंचाचं तोंड शिवलं होतं?

तुला पैसे मिळाले नाहीत याचं दुःख नाही, हे मला कळतं. तू इतका चोख वागलास आणि नेमक्या त्या तारखेला तो चोखपणा कोणी मोजला नाही, हे दुखतंय. पण तारीख ठरवणाऱ्याला तुझी महाशिवरात्र कशी ठाऊक असणार? त्याला देशभराचं बघायचं होतं. जी बाई तुला ओळखून दुसरी वाट दाखवते, तिच्याकडे पाठ फिरवून आलास, हे मात्र तुला शोभलं नाही. आणि आईची पाटी उतरवायची असेल तर आधी मला बोलव. मी स्वतः येऊन बघीन, तुझा हात कसा चालतो ते.

सासूबाई म्हणतात, भावाले लिही, मागाले लाज वाटत असन तं मास्क लावून जाय म्हणावं, कोनी वयखत नाही.

रागावलास तरी पत्र लिही. ओढ असू दे.

तुझी,
छाया


दुसरबीड,
२३ ऑगस्ट २०२०

चि. सौ. छाया हीस,
अनेक आशीर्वाद. रुक्मिणीबाईंना माझा साष्टांग नमस्कार. मास्क लावूनच गेलो होतो, तरी सगळ्यांनी ओळखलं.

तुझे पैसे तुझ्याकडेच ठेव. ते बायकांच्या मजुरीचे आहेत, माझ्या पत्र्यात जाणार नाहीत. बाकीचं मात्र मी तुझं ऐकलं, हे लेखी देतो, सांभाळून ठेव, पुन्हा मिळणार नाही.

निवेदिता मॅडमच्या पुढे बसलो. मनात जुळवून गेलो होतो की मागच्या वेळी मी घाईत होतो वगैरे. त्यांनी बोलूच दिलं नाही. म्हणाल्या, काका, तुमचे मागच्या वर्षांचे सगळे उतारे मी काढून ठेवलेत, तुम्ही याल असं वाटलंच होतं. मी काय काय लागेल ते सांगितलं: पत्रा, पाइप, बेअरिंग, दात्यांचं पोलाद, रंग. त्यांनी विचारलं, माणसांची मजुरी? म्हणालो, ती मी बघीन. घरखर्च? म्हणालो, घर चालतंच. तर म्हणाल्या, कशावर चालतं? तेव्हा माझ्या लक्षात आलं, छाया. इतक्या वर्षांत मी लोखंडाचा शेवटचा तुकडा धरून हिशेब केला आणि शारदेचं घर चालवणं कधी धरलंच नाही. त्या पोरीनं मजुरी आणि घरखर्च, दोन्ही आत घेतलं आणि रक्कम वाढवली. वर म्हणाल्या, हे पाच वर्षांचं कर्ज आहे, महाशिवरात्रीला सगळं फेडायला आणलंत तर मी सुट्टीवर जाईन.

पुढच्या आठवड्यात स्वतः स्कूटीवरून दुकान बघायला आल्या. नुसतं पायरीवरून बघून जाणाऱ्यांपैकी नाहीत. आत आल्या, वायरिंग बघितलं, विमा नाही म्हणून बोलल्या, आणि तो काढल्याशिवाय पुढे सरकल्या नाहीत. जोड लावायच्या आधी दोन्ही टोकं घासून घेणारा कारागीर असतो ना, तशी ही बाई काम करते. माणसं निम्मी, रोग दारात, आणि तरी माझं काम पोळ्याच्या आत झालं. हे मी लोकांना सांगत फिरतो. बँकेला नावं ठेवणारे पुष्कळ आहेत, त्यांच्या संगतीला एकजण कौतुक करणारा पाहिजे.

पोळ्याच्या दिवशी सकाळी जालन्याचा ट्रक आला. बैल नाहीत आपल्याकडे, म्हणून मी ट्रकच्याच बोनेटला कुंकू लावलं. ड्रायव्हर घाबरून खाली उतरला, त्याला वाटलं कोणी धडकलं. दुपारी रंगराव उत्तर घ्यायला आला. बाहेर गाडी लावता लावताच म्हणाला, मंग, कोनचा रंग द्यायचा पाटीले? मी त्याला आत नेऊन लोखंड दाखवलं. त्यानं एक पाइप वाजवून पाहिला. म्हणाला, कुठून आनलं बे हे? म्हणालो, सरकारनं हमी दिली, मॅडमनं कर्ज दिलं, बहिणीनं शिव्या दिल्या. तो हसला. माणूस वाईट नाही म्हटलं होतं ना. जाताना दहा यंत्रांची मागणी लिहून गेला, रब्बीसाठी, विमलच्या नावानंच.

भगवानराव दुसऱ्या दिवशी हजर. निरोप पाठवायची गरजच पडली नाही, ट्रक त्याच्या समोरूनच गेला होता. मी विचारलं, तिकडची दुप्पट मजुरी सोडून आलास? म्हणाला, पैसा व्हता भाऊ, पन तिथं जोड वाकडा गेला तरी कोनी शिव्या देत नाही. कामात मजाच नाही. काच खिळ्यावरून काढली, पुसली आणि बसला.

तुझ्या बायकांना दिवाळीला काम मिळो. माझा आशीर्वाद त्या आठही मशीनना.

तुझा,
हिंमतदादा


पिंपळगाव राजा,
१४ मार्च २०२१

ती. स्व. दादास,
शि. सा. न. वि. वि. आणि महाशिवरात्रीच्या शिळ्या शुभेच्छा.

वहिनीचा फोन आला होता. म्हणाली, सकाळपासून आंघोळ करून बसले होते, मग उठून बँकेपर्यंत गेले, बंद बँकेकडे बघितलं आणि महादेवाला जाऊन परत आले. दादा, महाशिवरात्रीला बँकेला सुट्टी असते हे मॅडमनी मुद्दामच सांगितलं नसेल.

पहिल्यांदाच कर्ज डोक्यावर ठेवून तू हा महिना काढतोयस. मला काळजी होती. पण वहिनी म्हणते, हप्ता तारखेच्या आधी दोन दिवस भरून येतात, आणि जेवतात नीट. कॉलर मळू लागली एवढंच.

इथलं सांगते. शाळा अजून धड सुरू नाहीत, गणवेश नाहीतच. पण त्या पैशांवर आम्ही थांबलो नाही. दवाखान्यांच्या चादरी शिवल्या, किराणावाल्यांच्या कापडी पिशव्या शिवल्या, आता पेटीकोट शिवतोय. एकही बाई घरी बसवावी लागली नाही. मुद्दल सुरू होईल तेव्हा भरू, कंबर कसलेली आहे. परवा एकजण म्हणाली, ताई, सरकारनं आपल्याले उभं केलं. दुसरी म्हणाली, सरकारनं फक्त भिंत दिली वं, उभ्या आपन राह्यलो. मला दोघींचंही पटलं.

रंगरावांच्या दुकानात म्हणे विमलची यंत्रं पुढच्या ओळीत असतात. हे मेहकरला गेले होते, बघून आले. आईचं नाव उन्हात चमकत होतं म्हणाले.

ह्या वर्षी तरी ये. प्रेम तर आहेच, माणूसही दिसू दे.

तुझी,
छाया


दुसरबीड,
२८ ऑक्टोबर २०२१

चि. सौ. छाया हीस,
अनेक आशीर्वाद. भाऊबीजेला येतो. शारदाही येते. मोटरसायकलनं नाही, तुझ्या वहिनीची पाठ दुखते, एसटीनं.

रोगाच्या दुसऱ्या लाटेत एप्रिल-मे कसे गेले ते तुला माहीत आहे. भगवानराव दवाखान्यात होता तेव्हा दुकान मी बंद ठेवलं, आणि बंद ठेवणं मला परवडलं, हे पहिल्यांदाच झालं. आधीच्या वर्षी तसं करता आलं नसतं. मॅडमनी मजुरी आणि घर हिशेबात धरलं होतं त्याचा अर्थ मला तेव्हा कळला. आता तो बरा आहे, शिव्या खाण्याइतका. हरभऱ्याच्या पेरणीची यंत्रं सगळी वेळेत गेली. एक परत आलं, एका दात्याची नळी सूतभर तिरपी बसली होती. शेतकऱ्याच्या लक्षात आलं नव्हतं, मीच दुसऱ्याच्या शेतात जाताना बघितलं आणि बोलावून घेतलं.

मागच्या आठवड्यात बँकेतून फोन आला. त्या योजनेच्या तारखा सरकारनं पुढे नेल्या आहेत. आता ह्या वर्षीच्या मार्च अखेरीला ज्यांच्यावर कर्ज होतं तेही बसतात. मार्च अखेरीला माझ्यावर होतं. मॅडम म्हणाल्या, काका, ह्या वेळी तुमचं नाव आपोआप आलंय. या.

गेलो. शर्ट इस्त्रीचाच होता, पण घाई नव्हती. शिपायानं खुर्ची ओढून दिली आणि म्हणाला, झाले ना भाऊ शेवटी आमच्यासारखे कर्जवाले. मॅडमनी रक्कम सांगितली. मी पुन्हा एकदा सांगायला सांगितली, ऐकू आली नाही म्हणून नव्हे.

मग विचार केला. ट्रकभर पत्रा दुकानात आहे. आणखी आणला तर पडून गंजेल. माणसांची मजुरी सुटते, घर चालतं, आणि ते कशावर चालतं हे आता मला सांगता येतं. श्वास कोंडला होता तेव्हा नाकाशी धरायची ती वस्तू आहे. श्वास चालू असताना कशाला हुंगायची? मॅडम म्हणाल्या, तुम्ही नाही घेतलं म्हणून ते दुसऱ्या कोणाला मिळेल असं नाही हं काका. म्हणालो, ठाऊक आहे. त्यांनी विचारलं, मग? म्हणालो, योजना चांगली आहे मॅडम, म्हणूनच तिला उगीच हात लावत नाही. त्यांनी उठून हात जोडले. मी पण जोडले. बँकेत इतक्या वर्षांत हात मी जोडायचो, हे पहिल्यांदाच असं झालं.

शारदा म्हणाली, घेतलं असतं तं घराले रंग तरी देता आला असता. रंग मी देतो म्हटलं, दुकानात यंत्रांचा निळा उरलाय. म्हणाली, घर काय पेरणी यंत्र आहे? तेव्हा येशील तेव्हा घर निळं दिसलं तर आश्चर्य वाटून घेऊ नकोस.

उद्धवरावांना नमस्कार, जीवनला आशीर्वाद, रुक्मिणीबाईंना सांग की येतोय, आणि तोंड बंद ठेवून वागीन. तुझी माया अशीच चढत्या व्याजानं राहू दे.

तुझा,
हिंमतदादा

ता. क. तू विचारशीलच, म्हणून लिहून टाकतो. सरकारच्या हमीवर, काही गहाण न ठेवता, पहिलं वर्ष मुद्दल न मागता बँक मला देत होती आणि मी नको म्हणालो, ते दोन लाख चाळीस हजार रुपये.